शेवटच्या कडव्यातलं नाव

नाशिकच्या मातीतले गीतकार, अमेरिकेतले त्यांचे भाईबंद आणि गाण्याच्या धन्याचा हिशेब

सिन्नर हा तसा अवर्षणाचा तालुका. पाऊस इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर मनसोक्त कोसळतो आणि सिन्नरच्या माळापर्यंत पोचता पोचता त्याचा जोर सरतो. या तालुक्यातल्या दोन गावांनी मराठी गाण्याला दोन माणसं दिली. बावी हे शाहीर परशरामाचं गाव. परशराम जातीनं शिंपी, विठ्ठलाचा भक्त. १७५४ ते १८४४ हा त्याचा काळ सांगितला जातो. म्हणजे पानिपत झालं तेव्हा तो लहान मुलगा होता आणि पेशवाई बुडाली तेव्हा साठी ओलांडलेला म्हातारा. दुसरं गाव देशवंडी. तिथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामन तबाजी कर्डक जन्मले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणू लागला.

दोघांच्या जन्मात सुमारे पावणेदोनशे वर्षांचं अंतर. एकाच्या काळी राज्य पेशव्यांचं, दुसऱ्याच्या आयुष्यात इंग्रज गेले आणि राज्यघटना आली. एक लावण्या रचायचा, दुसऱ्यानं भीमगीतं रचली. तरी एका बाबतीत दोघे एकाच घराण्याचे. गाणं संपता संपता, शेवटच्या कडव्यात, ते आपलं नाव गुंफतात. संतांनी अभंगात हे केलं, शाहिरांनी लावणी-पोवाड्यात केलं, वामनदादांनी आपल्या हजारो गाण्यांत केलं. छापखाना हाताशी नसलेल्या, दस्तऐवज करायची ऐपत नसलेल्या माणसानं आपल्या निर्मितीवर लावलेली ही मोहोर होती. गाणं कुठेही जावो, कुणीही म्हणो, नाव सोबत जाईल.

ते खरंच सोबत गेलं का, आणि नावाबरोबर आणखी काय जायला हवं होतं, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी मधून मधून अमेरिकेतही जावं लागेल. तिकडे ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात ते संगीतही असंच डोंगरातल्या, शेतातल्या, खाणीतल्या आणि रेल्वेतल्या माणसांनी रचलं. त्यांची आणि आपली गाणी जन्मली एकसारखी. पुढचं नशीब मात्र वेगळं निघालं.

शिवडीच्या चाळीतली बाराखडी

वामनदादांचं बालपण देशवंडीत गेलं. शाळा नाहीच. पुढे कामाच्या शोधात आईबरोबर मुंबई. त्या काळात नाशिक-नगरच्या कोरडवाहू गावांतून निघालेल्या हजारो कुटुंबांचा रस्ता हाच होता, मुंबईच्या गिरण्यांचा आणि बीडीडी चाळींचा. वामनदादांनी मुंबईत काय काम केलं नाही? गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत होते, खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. सिनेमाचं वेड होतं म्हणून स्टुडिओत गर्दीतला नट म्हणून उभे राहिले.

विशीच्या आसपासची गोष्ट. कुणीतरी त्यांच्या हातात पत्र दिलं आणि म्हणालं, वाचून दाखव. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. ती गोष्ट त्यांच्या जिवाला फार लागली. शिवडीच्या चाळीत समता सैनिक दलाचं काम चालायचं, तिथल्या देहलवी मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवून घेतली. बाराखडी झाली; जोडाक्षरं राहिली. ती त्यांनी रस्त्यावर शिकून घेतली. चालता चालता दुकानांवरच्या पाट्या वाचायच्या, अडलं तर थांबायचं, अक्षराला अक्षर कसं चिकटलंय ते बघायचं आणि पुढच्या पाटीकडे जायचं. ज्यांची मात्रा क्वचितच चुकली अशा कवीचं हे विद्यापीठ. त्यांच्या गाण्यातला शब्द नेहमी साधा, रोजच्या बोलण्यातला का असतो, याचं एक उत्तर मला इथे सापडतं. त्यांची अक्षरं बाजारातून आली होती, पोथीतून नाही.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिलं गाणं रचलं. ते एका हिंदी चित्रगीताचं विडंबन होतं. लोक हसले, त्यांनी दाद दिली, आणि एका हमालाच्या लक्षात आलं की आपल्याला हे जमतं. बाबासाहेबांच्या चळवळीनं त्या जमण्याला दिशा दिली. पुढची साठ वर्षं ते गात फिरले. घरसंसार त्यांच्या वाट्याला धड आला नाही. पहिलं लग्न मोडलं, त्या संसारातली मुलगी लहानपणीच गेली. गावोगावच्या कार्यकर्त्यांची घरं हेच त्यांचं घर झालं. जिथे मुक्काम, तिथे गाणं. कागद मिळेल त्यावर लिहायचं आणि गावातल्या गायन पार्टीला देऊन टाकायचं. जाणकार त्यांच्या गाण्यांचा आकडा दहा हजारांपर्यंत नेतात. 'वाटचाल' हा त्यांचा पहिला संग्रह छापला गेला १९७३ साली, पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. पुढच्या एका संग्रहाचं नाव 'हे गीत वामनाचे'. शेवटच्या कडव्यातली मोहोर तिथे मुखपृष्ठावर आली. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं.

१९२७ चा जुलै

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेकजण एका तारखेपाशी थांबतात. २५ जुलै १९२७. टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या हद्दीवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर तिथे यंत्रं घेऊन आला आणि टोप्यांच्या एका जुन्या गोदामात त्यानं ध्वनिमुद्रणाची खोली थाटली. अपलाचियन डोंगरातली माणसं गिटार, बँजो, फिडल घेऊन खाली उतरली. ५ ऑगस्टपर्यंत हे काम चाललं. त्या दहा-बारा दिवसांत कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स ही दोन नावं पहिल्यांदा मेणावर उमटली.

त्याच्या दोनच दिवस आधी, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. म्हणजे यंत्रं दोन्हीकडे जवळपास एकाच आठवड्यात पोचली होती. तिकडच्या यंत्रानं डोंगरातल्या माणसाला बोलावून घेतलं, एका गाण्याचे पन्नास डॉलर हातावर ठेवले आणि पुढच्या विक्रीत वाटा कबूल केला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर १९२५ पासून दर शनिवारी रात्री ग्रामीण गवय्ये गात होते. तोच कार्यक्रम पुढे ग्रँड ओल ऑप्री म्हणून गाजला. इकडे मुंबईचा रेडिओ परवाना घेऊ शकणाऱ्या मूठभर घरांचा होता, आणि ती कंपनीही १९३० साली बंद पडली. ज्या वर्षी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या वर्षी महारवाड्यातल्या गाण्यासाठी कुणी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन येणं शक्यच नव्हतं. आमचं गाणं पायी निघालं.

जिमी रॉजर्सची कहाणी मनमाड-इगतपुरीच्या माणसाला फारशी परकी वाटू नये. मिसिसिपीतल्या मेरिडियनचा हा मुलगा रेल्वेत ब्रेकमन होता. लोहमार्गावर काम करणाऱ्या काळ्या मजुरांना तो पाणी पाजायचा आणि त्यांच्या तोंडची गाणी त्याच्या कानात साठायची. १९२४ मध्ये क्षयाचं निदान झालं, रेल्वेची नोकरी झेपेना, म्हणून गाणं हेच पोट झालं. सहा वर्षांत त्यानं शंभरावर गाणी मुद्रित केली. शेवटच्या मुद्रणाच्या वेळी स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं झालं की तो आडवा व्हायचा, दम खायचा, पुन्हा उठायचा. दोन दिवसांनी, २६ मे १९३३ रोजी, तो गेला. वय पस्तीस.

त्याच्या मागून हँक विल्यम्स आला, वामनदादांपेक्षा एका वर्षानं लहान. अलाबामातला गरीब घरचा पोर, पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष. त्याला गिटार शिकवलं रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या कलावंतानं. मोबदला म्हणजे थोडी चिल्लर, नाहीतर हँकच्या आईच्या हातचं जेवण. हँकला स्वरलिपी वाचता येत नव्हती. तरी त्याची गाणी आज अमेरिकेत मुलांना तोंडपाठ असतात. १ जानेवारी १९५३ रोजी, कार्यक्रमाला निघालेल्या मोटारीच्या मागच्या आसनावर, एकोणतिसाव्या वर्षी तो मेलेला आढळला.

कसबे सुकेण्याचा जलसा

नाशिकला गाण्याची ताकद कुणी शिकवावी लागली नाही. कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू होते आणि आधी लावण्या रचायचे. सावरकर बंधूंच्या संगतीनं ते स्वातंत्र्याची कवनं रचू लागले. ती कवनं छापली म्हणून १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली आणि ते अंदमानला गेले. एका छोट्या पुस्तिकेतल्या मूठभर गाण्यांना सरकार इतकं भ्यालं होतं.

त्यानंतर वीस वर्षांनी याच शहरात दुसरी लढाई उभी राहिली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या बांधणीवर, हजारो माणसं पंचवटीत जमली. देवळाचं दार उघडलं नाही, पण जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत जाग आली. त्याच दिवसांत निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याच्या भीमराव कर्डकांनी सोबत्यांना घेऊन जलसा उभा केला. आडनाव एकच असलं तरी हे कर्डक वामनदादांच्या आधीच्या पिढीचे. जलसा म्हणजे काय, तो कसा चालायचा, हे त्यांनी पुढे १९७८ साली पुस्तक लिहून नोंदवून ठेवलं. हे काम आपल्याकडच्या फार थोड्या कलावंतांनी केलं आहे.

जलशाचा ढाचा तमाशाचा होता. आधी गण, मग गवळणीच्या जागी संवाद, बतावणी आणि शेवटी वगासारखं नाट्य. सत्यशोधकांनी हा ढाचा आधीच बदलायला घेतला होता. आंबेडकरी जलसेकारांनी त्यात नवा जीव ओतला. गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. स्त्रीवेष पुरुषच घ्यायचे. सोंगाड्या अडाणी गावकरी व्हायचा आणि शिकलेल्या तरुणाशी हुज्जत घालायचा: पोरगं शाळेत घालून काय मिळणार? मेलेलं ढोर ओढलं नाही तर गाव जगू देईल का? प्रश्न प्रेक्षकांच्याच मनातले असायचे. लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता उत्तर घेऊन घरी जायचे. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज, जमलं तर बाजाची पेटी. उजेडाला कंदील नाहीतर गॅसबत्ती. गाणारे दिवसा मजूर, गिरणी कामगार, रेल्वे कामगार. पाळी संपली की तालीम. बाबासाहेबांनी जलशाचं मोल स्वतःच्या भाषणांहून वरचं मानलं, ही आठवण जलसेकारांच्या पिढ्यांनी अभिमानानं जपली आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. आंबेडकरी गाण्याच्या आशयाची चौकट या सूत्रात सापडते. वामनदादांच्या गाण्यात बुद्ध आणि भीम जितके येतात तितकाच भाकरीचा, मजुरीचा, जमिनीचा हिशेबही येतो. अमेरिकेतला रेल्वेवाला गायक आपल्या एकट्याच्या दुःखाचं गाणं म्हणतो. आमच्या गायकाच्या गाण्यात वस्ती बोलते. मला हा मोठा फरक वाटतो. कंट्री गाण्याला आपल्या श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं असतं. जलशाला त्याला उठवून उभं करायचं असतं.

चालीवर चाल, सवालाला जवाब

वामनदादांनी सिनेमाच्या चाली घेतल्या म्हणून काही रसिक नाक मुरडतात. त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगायला हवी. कार्टर कुटुंबानं गायलेल्या एका जुन्या गाण्याच्या चालीवर रॉय अकफनं १९३० च्या दशकात भक्तिगीत म्हटलं. त्याच चालीवर १९५२ मध्ये हँक थॉम्पसननं बेवफा बाईला बोल लावणारं गाणं गायलं. आणि त्याच वर्षी, त्याच चालीवर, किटी वेल्स या गायिकेनं त्याला उत्तर दिलं: बायका बिघडल्या तर बिघडवणारे पुरुषच असतात. काही रेडिओ केंद्रांनी ते गाणं वाजवायला नकार दिला, तरी ते लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. त्या यादीत एकट्या गायिकेचं गाणं पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ.

कलगी-तुऱ्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एकानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, त्याच यमकात जवाब द्यायचा. हीच रीत आंबेडकरी गाण्यात कव्वालीच्या मुकाबल्यात आली. मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर, मध्यरात्र उलटली तरी माघार नाही. वामनदादा आणि त्यांच्या बरोबरीचे श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी ही मैफल महाराष्ट्रभर नेली. तिथे ओळखीची चाल लागतेच, कारण कोरस धरणारे समोरचे श्रोते असतात. नवी चाल शिकवायला वेळ नसतो. विचार नवा असेल तर चाल जुनी चालते.

या मंचावरचा एक क्षण आजही बघायला मिळतो. एप्रिल महिन्यात नाशिकमध्ये जयंतीचे कार्यक्रम रोज कुठे ना कुठे असतात. चौदा तारखेला भद्रकालीतल्या मोठ्या राजवाड्यापासून मिरवणूक निघते, पण त्याच्या आगेमागे वस्त्यांत गायन पार्ट्या बसतात. मुख्य गायक पेटीवर, समोर उघडलेली जाड वही, पानांचे कोपरे घामानं मऊ झालेले. ढोलकीवाला धृपदावर ठेका बदलतो, झीलकरी सूर धरतात. गायक एकेक कडवं सोडवत जातो. शेवटचं कडवं आलं की तो वहीवरून नजर उचलतो, डावा हात हवेत नेतो आणि क्षणभर थांबतो. 'वामन' हे नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते उच्चारलं जातं तेव्हा पुढच्या रांगेतल्या आज्या कपाळाशी हात जोडतात. ज्यांनी दादांना कधी पाहिलं नाही अशी पोरं ते नाव सुरात म्हणतात. कुठल्याही पुरस्काराहून हा मान मोठा आहे.

विठाबाई आणि लोरेटा

नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर ओलांडलं की पुढे नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालक तिथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात. नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक यात्रांचे तमाशे तिथेच ठरत आले. अमेरिकेत जे स्थान नॅशव्हिलचं, ते आमच्या लोकरंगभूमीत नारायणगावचं.

या गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाईंची एक हकिगत तमाशासृष्टीत सर्वांना ठाऊक आहे. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या, कळा आल्या तेव्हा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर येऊ लागल्या. त्यांची अवस्था बघून प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं. या बाईंचे शेवटचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले. २००२ साली त्या गेल्या. आज तमाशातल्या जीवनगौरवासाठी सरकार देतं तो पुरस्कार त्यांच्या नावानं आहे.

त्यांच्याच पिढीची लोरेटा लिन केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. नवऱ्यानं सतरा डॉलरचं गिटार आणून दिलं, ती स्वतःच वाजवायला शिकली आणि स्वतःच्या घरातली भांडणं, बाळंतपणं, दारू, राग यांवर गाणी रचू लागली. १९६० साली पहिली तबकडी निघाली तेव्हा नवरा-बायको मोटारीतून एकेका रेडिओ केंद्राचं दार ठोठावत फिरले. १९७५ मध्ये तिनं संततिनियमनाच्या गोळीवर गाणं केलं, अनेक केंद्रांनी ते बंद ठेवलं, तरी ते खेड्यापाड्यांतल्या बायकांपर्यंत पोचलं. २०२२ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ती स्वतःच्या मोठ्या वाडीत वारली.

कष्टात आणि गुणात या दोघींपैकी कुणी कमी नव्हतं. फरक पडला तो एका कागदानं. लोरेटा आपली गाणी स्वतः लिहायची, आणि ती कुठेही वाजली तरी लिहिणारीच्या नावानं पैसे जमा होण्याची सोय तिकडे होती. विठाबाईंचं गाणं आणि नाच त्या रात्रीच्या सुपारीवर संपायचा.

कागद कुणाच्या हाती

ही सोय अमेरिकेतही आपोआप झाली नाही. गीतकारांच्या जुन्या संघटनेत डोंगराळ आणि काळ्या गीतकारांना सहजी जागा नव्हती. १९३९ मध्ये बीएमआय ही दुसरी संस्था निघाली आणि तिनं या उपेक्षितांना दार उघडलं. १९४२ मध्ये रॉय अकफ आणि फ्रेड रोज यांनी नॅशव्हिलमध्ये गाण्यांच्या प्रकाशनाची कंपनी काढली. हँक विल्यम्सची गाणी याच कंपनीनं सांभाळली, म्हणून तो गेल्यावरही त्याच्या गाण्यांची मिळकत चालू राहिली.

तिथेही कागद ज्याच्या हाती त्याचंच नाव राहिलं. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरातली जुनी गाणी गोळा करत फिरायचा तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक सोबत असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात ठेवायचा. हक्क नोंदले गेले ते कार्टरच्या नावे. आमच्याकडे पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावची, महार समाजात जन्मलेली. तिच्या गळ्यानं आणि पायांनी पठ्ठे बापूरावांच्या लावण्या घरोघर पोचवल्या. बापूरावांचं नाव ग्रंथांत शिरलं. पवळेचं लोकांच्या आठवणीवर राहिलं. दोन्ही देशांत सूर धरणारा खालच्या पायरीवरचा आणि शाई धरणारा वरच्या पायरीवरचा, अशी वाटणी पूर्वापार आहे.

डॉली पार्टनची गोष्ट म्हणूनच सांगावीशी वाटते. टेनेसीच्या डोंगरात बारा भावंडांत वाढलेली मुलगी. १९७४ साली तिचं एक गाणं गाजलं. एल्विस प्रेस्ली ते गायला तयार होता, पण त्याच्या व्यवस्थापकानं गाण्याच्या प्रकाशनहक्कातला निम्मा वाटा मागितला. तिनं नकार दिला. रात्रभर रडली, असं तिनंच सांगितलं आहे. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं सिनेमासाठी गायलं आणि ते जगभर वाजलं. हक्क डॉलीकडेच होता. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची आठवण ठेवून तिनं १९९५ मध्ये लहान मुलांना घरपोच मोफत पुस्तकं पाठवायची योजना सुरू केली, आणि आजवर २० कोटींहून जास्त पुस्तकं घराघरांत गेली आहेत. दुकानांच्या पाट्यांवर जोडाक्षरं शिकलेल्या वामनदादांना हे काम फार आवडलं असतं.

वामनदादांच्या गाण्यांवरही कायद्यानं हक्क आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. म्हणजे दादांची गाणी २०६४ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांची किंवा ज्यांना त्यांनी रीतसर हक्क दिले असतील त्यांची आहेत. गीतकार-संगीतकारांच्या मानधनासाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं तर गीतकाराचा मानधनातला वाटा कुणालाही काढून घेता येणार नाही असा करून ठेवला. कायदा असा भक्कम आहे. तरीही कॅसेटच्या काळात आणि आता यूट्यूबच्या काळात कित्येक भीमगीतांखाली गायकाचं नाव मोठं असतं, कंपनीचं त्याहून मोठं, आणि गीतकाराच्या जागी रिकामी जागा नाहीतर 'पारंपरिक' असा शेरा. ज्या गाण्यात कवीनं स्वतःचं नाव गुंफून ठेवलंय, ते गाणं ऐकून झाल्यावरही त्याला पारंपरिक म्हणणं हा अन्याय आहे. मुद्दाम केलेला असो वा निष्काळजीपणाचा, कवीचं नुकसान तेवढंच होतं.

आता आपलं काम

गाणं लोकांचं झालं, मग मालकी कसली, असं काही भले लोक म्हणतात. वामनदादांनी स्वतः गाणी वाटूनच टाकली, हे खरंच आहे. पण देणाऱ्याचं औदार्य हे घेणाऱ्याचं निमित्त होऊ शकत नाही. वस्तीतल्या पोरानं जयंतीला गाणं म्हणावं, त्याच्याकडून कुणी दमडी मागू नये. ज्या कंपनीला त्या गाण्यावर जाहिराती मिळतात, तिनं मात्र हिशेब द्यावा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात आणि ठेवल्याच पाहिजेत.

नॅशव्हिलमध्ये १९६७ पासून कंट्री संगीताचं संग्रहालय आहे. गायकांच्या हस्ताक्षरातले कागद, वाद्यं, मुद्रणं तिथे जपलेली आहेत, अभ्यासकांना उघडी आहेत. नाशिक जिल्ह्यात परशरामापासून वामनदादांपर्यंतची सलग परंपरा आहे, काळारामच्या सत्याग्रहाचा इतिहास आहे, कसबे सुकेण्याचा जलसा आहे. या सगळ्याला मिळून एक घर हवं. त्यासाठी इमारतीची वाट बघत बसायचीही गरज नाही. गायन पार्ट्यांकडच्या वह्या घरोघर आहेत. त्यांची पानं मोबाइलवर टिपता येतात. सत्तरी-ऐंशीतले गायक अजून आहेत, आणि कुठल्या गाण्याला मूळ चाल कुठली, कुठलं कडवं मागाहून जोडलं गेलं, कुठलं गाणं कुठल्या आंदोलनात पहिल्यांदा म्हटलं गेलं, हे त्यांनाच ठाऊक आहे. छापील संग्रहात शब्द आहेत, पण चाल कागदावर उतरलेली नाही. ती या माणसांबरोबर जाईल. महाविद्यालयातल्या मराठीच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचेच असतात. त्यांना तालुके वाटून द्यावेत. सिन्नर, निफाड, येवला, नांदगाव, दिंडोरी.

दुसरं काम मंडळांचं. जयंतीच्या पत्रिकेवर पाहुण्यांची आणि देणगीदारांची नावं ठळक टायपात येतात. त्याच पत्रिकेवर, त्या रात्री ज्यांची गाणी होणार त्या गीतकारांची नावं छापावीत. चित्रफीत चढवताना गीतकाराचं नाव पहिल्या ओळीत लिहावं. याला पैसा लागत नाही.

तिसरं काम आजच्या लिहिणाऱ्यांचं. या जिल्ह्यात आजही तरुण पोरं-पोरी गाणी रचतात, रॅप करतात, कांद्याच्या भावावर, पेपरफुटीवर, जातीवर लिहितात. त्यांनी शेवटच्या कडव्यात नाव घालावंच, ती आपली रीत आहे. त्याबरोबर गाण्याची नोंदणीही करावी, सही करण्याआधी करार वाचावा, कळला नाही तर कळणाऱ्याला विचारावा. वामनदादांना पत्र वाचता आलं नाही तेव्हा ते रडत बसले नाहीत, मास्तरांकडे गेले. करारनामा हे आजच्या गीतकारापुढचं तसंच पत्र आहे, आणि ते त्याला वाचता आलंच पाहिजे.